जुन्या क्रोमवर रंग द्यायचा तर आधी काय उतरवायचे

प्रश्न देवगडहून आला आहे. येझदी मोटरसायकलच्या दोन रिम आणि लेगगार्ड, पद्मिनी मोटारीचा पुढचा बंपर आणि दारांची हँडल, एवढा माल आहे. क्रोम जागोजागी फुगले आहे, पुन्हा क्रोम करण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून सगळे काळ्या रंगात करायचे आहे. पेंटर म्हणतो, घासून रेड ऑक्साइड मारू. मित्र म्हणतो, सगळे अ‍ॅसिडमध्ये बुडव, क्रोम आपोआप उतरेल.

दोघांचेही अर्धेच खरे आहे. पेंटरचे घासणे बरोबर, पण रेड ऑक्साइड चूक. अ‍ॅसिडने क्रोम उतरते हेही खरे, पण तुमच्या चार वस्तूंपैकी एकीला ते खाऊन टाकेल, एकीच्या पोटात अडकून बसेल आणि उरलेल्या दोघींना त्याची गरजच नाही.

आधी हिशेब पाहा. शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. त्याखाली निकल १० ते ३० मायक्रॉन, आणि बऱ्याचदा निकलखाली तांबे. दीड मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद बंपर धरा. त्यावरचे सगळे क्रोम गोळा केले तर जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम भरेल. निकल मात्र ५० ग्रॅमच्या आसपास निघेल. आपण ज्याला ‘क्रोम सोलले’ म्हणतो ते सोललेले पापुद्रे खरे तर निकलचे असतात, आणि ते सुटतात खालच्या गंजाने. म्हणजे प्रश्न क्रोमचा नाहीच. निकल पत्र्याला कुठे धरून आहे, कुठे सुटले आहे, आणि गंजाच्या खड्ड्यांत मीठ किती बसले आहे, हे तीन प्रश्न सोडवले की रंग टिकतो.

किनाऱ्यावर हे लवकर का होते तेही समजून घ्या. निकल लोखंडाला जस्तासारखे वाचवत नाही, उलट मारते. निकलमध्ये सुईच्या टोकाएवढे छिद्र असले आणि त्यात खारट ओल गेली की लोखंड झिजते आणि निकल शाबूत राहते. गंज छिद्रातून खाली उतरून आडवा पसरतो. वरून एक तपकिरी ठिपका दिसतो, खाली रुपयाएवढा डाग असतो. त्यातून क्रोम चढवण्याच्या बाथची एक खोड आहे, क्रोम खोलगट भागात नीट चढत नाही. बंपरची मागची बाजू, रिमचा टायरकडचा भाग, निपलच्या भोकांची कड इथे क्रोम जवळजवळ नसते आणि निकलही पातळ असते. म्हणून तपासणी मागून सुरू करा.

धातू ओळखा

लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीने छोटा ओरखडा काढा. पिवळा निघाला तर पितळ. करडा आणि हाताला जड असेल तर मॅझॅक, म्हणजे जस्ताचे ओतकाम. करडा पण हलका असेल तर अ‍ॅल्युमिनियम. जुन्या गाड्यांची दाराची हँडल, बोनेटवरची अक्षरे, दिव्यांच्या चौकटी बहुधा मॅझॅकच्या असतात. मॅझॅक आणि अ‍ॅल्युमिनियम यांना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडही खाते आणि कॉस्टिक सोडाही. छिद्रातून आत शिरलेले अ‍ॅसिड वरचे निकल तसेच ठेवून खालचे जस्त पोखरते, आणि हँडल बाहेर काढल्यावर स्पंजासारखे दिसते. तुमची हँडल या गटातली निघाली तर ती कोणत्याही द्रावणात घालायची नाहीत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

रिममधून आऱ्या आधी काढा आणि निपलच्या भोकांजवळ टोकदार पोकर दाबून पाहा. पत्रा दबला किंवा कडा झिजून कागदासारखी झाली असेल तर ती रिम भंगारात. रंग कितीही चांगला असला तरी त्यावर माणूस बसणार आहे. हँडलबारलाही हाच नियम लावा.

घासणे, ब्लास्टिंग की अ‍ॅसिड

पाऊण ग्रॅम क्रोम उतरवायला बहुतेक वेळा पॉलिश पेपर पुरतो. आधी गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, मग मेण आणि सिलिकॉन पॉलिश काढायला वॅक्स रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकट पातळ थर मागे राहतो. ही सफाई न करता घासले तर कागद ते मेण ओरखड्यांत आणखी खोल भरतो. मग १२० नंबर, पाठोपाठ १८० किंवा २२०. क्रोमची झाक निळसर पांढरी, निकलची किंचित पिवळसर. रंग पालटला की क्रोम गेले समजा. क्रोम फार कठीण असल्याने कागद लवकर बोथट होतो, कागद वाचवायला जाऊ नका. ओले घासा, कारण निकलची धूळ फुप्फुसाला वाईट आणि अनेकांच्या त्वचेला खाज आणणारी असते. सुटलेले पापुद्रे काचेसारखे कापतात, म्हणून जाड हातमोजे आणि चष्मा लागतोच. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावली तर चेहऱ्यावर शील्ड आणि एफएफपी२ मास्क घाला.

जिथे निकल घट्ट आहे तिथे ते ठेवा. ते काढण्यात अर्थ नाही, उलट तो गंजाविरुद्धचा फुकटचा थर आहे. फक्त सगळीकडे एकसारखी मॅट खरवड हवी, एकही चकाकणारा ठिपका नको. जिथे निकल सुटले आहे तिथे फ्लॅप डिस्कने मागे मागे जात राहा, घट्ट निकल लागेपर्यंत. मधे गुलाबी रेषा दिसली तर ते तांबे. लोखंड, तांबे, निकल अशा पायऱ्या दिसू लागल्या की कड उतरती करा, नख फिरवले तर कुठे अडकता कामा नये. नख अडकले तिथे वर्षभरात रंगाला रेघ पडते आणि त्या रेघेतून पाणी आत जाते.

पृष्ठभागाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त जागी निकल सुटले असेल तर हाताने घासत बसू नका, ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत दाणे मारून साफ करायला, द्या. रिमला तर ब्लास्टिंगच बरे, भोकांच्या कडांपर्यंत कागद पोचत नाही. ब्लास्टरला स्पष्ट सांगा की ८० ते १२० ग्रिटचे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड हवे. काचेचे मणी क्रोमला चकाकी देतात, कापत नाहीत. जाड रिम आणि बंपरला ६० ते ८० पीएसआय ठीक. मडगार्ड, हेडलाइटची रिंग अशा पातळ पत्र्याला ४० च्या वर जाऊ नका आणि नोझल एका जागी रोखू नका, पत्रा पोट काढतो आणि ते पोट परत बसत नाही. आणि किनाऱ्याची वाळू कोणी फुकट देऊ केली तरी नको. तिच्यात मीठ असते, ते पत्र्यात ठोकून बसते, शिवाय सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. गावोगावी ‘सँडब्लास्टिंग’ अशी पाटी असते, आत काय उडवतात ते विचारून घ्या.

अ‍ॅसिड कुठे उपयोगी? खूप कोरीवकाम असलेला, कागद न पोचणारा, भरीव साध्या लोखंडाचा छोटा भाग असेल तिथे. त्याची पद्धत अशी. ३० ते ३३ टक्क्यांचे बाजारी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एक भाग, पाणी दोन भाग. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचे, उलटे कधीच नाही. भांडे जाड प्लास्टिकचे, एचडीपीईचे. फरशी धुण्याच्या बाटलीतले अ‍ॅसिड बरेच पातळ असते, त्यात वेळ फुकट जातो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून किरकोळ विक्रीत ओळखपत्र आणि नोंद लागते, दुकानदाराने मागितले तर वाद घालू नका. भाग बुडवल्यावर बुडबुडे येतात आणि पाणी हिरवट होते. काही वेळा काहीच घडत नाही, कारण क्रोमवरची ऑक्साइडची साय त्याला निष्क्रिय ठेवते. अशा वेळी जस्ताच्या तुकड्याने भागाला अ‍ॅसिडातच स्पर्श करा, क्रिया सुरू होते. क्रोम गेले की तिथले बुडबुडे मंदावतात. थोड्या मिनिटांचे काम आहे. भाग दोरीला बांधून समोर उभे राहा, जेवायला जाऊ नका, कारण उघड्या लोखंडावर अ‍ॅसिड थांबत नाही.

स्प्रिंग, आऱ्या, अ‍ॅक्सल, ताणाचे बोल्ट अ‍ॅसिडात घालू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. तुटते ते गॅरेजात नाही, घाटात. नळीचे भागही नकोत. तुमचा लेगगार्ड पोकळ आहे, वेल्डजवळच्या भोकातून अ‍ॅसिड आत जाईल आणि कितीही धुतले तरी पूर्ण बाहेर येणार नाही. महिन्याभरात त्याच भोकातून तपकिरी पाणी रंगावरून ओघळेल. बंपर बुडवायला लागणारे अ‍ॅसिड आणि त्याच्या वाफा पाहता तोही विचार सोडा. अ‍ॅसिडच्या वाफेने आसपासची सगळी हत्यारे, शेजारी उभी गाडी, छताचे खिळे एका दिवसात गंजतात. काम उघड्यावर, घर, गाडी आणि हत्यारांपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला करा, आणि जवळपास ब्लीच नको, त्या दोघांच्या मिश्रणातून क्लोरीन निघतो.

कॉस्टिक आणि चार्जर

ही पद्धत व्हिडिओंत फार सोपी दाखवतात. लिटरला ६० ते ९० ग्रॅम कॉस्टिक सोडा, भाग बॅटरी चार्जरच्या धन टोकाला, लोखंडी पत्रा ऋण टोकाला, ४ ते ६ व्होल्ट. तांत्रिकदृष्ट्या पद्धत उत्तम आहे. लोखंड खात नाही, ठिसूळही करत नाही, निकलला हात लावत नाही. प्लेटर, म्हणजे क्रोम-निकलचा मुलामा चढवणारे, हीच वापरतात. पण पाणी जे पिवळे होते तो क्रोमेट आहे, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, कर्करोगकारक. अ‍ॅसिडात क्रोम त्रिसंयुजी रूपात उतरते, ते बरेच कमी विषारी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. बंपरवरचे ०.६५ ग्रॅम क्रोम १३,००० लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवते. आपल्याकडे जमीन जांभ्याची नाहीतर पुळणीची. परसात ओतलेली बादली कातळाच्या भेगांतून किंवा वाळूतून शेजारच्या विहिरीत जाते, तिला अडवणारी माती मधे नसते. म्हणून घरी हे करूच नका. क्रोम आणि निकल दोन्ही पूर्ण उतरवायचे असेल तर परवानगी असलेल्या प्लेटरकडे ‘स्ट्रिपिंग’ करून घ्या, सिंधुदुर्गातून घाट चढून कोल्हापूर हा एक पर्याय.

कोणाकडे असे पिवळे पाणी आधीच साठले असेल तर ते ओतू नका. हळूहळू अ‍ॅसिड घालून पीएच कागदावर २ ते ३ वर आणा, मग हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवत जा. एक ग्रॅम क्रोमियमला हिशेबाने १६ ग्रॅम लागते, थोडे जास्तच घ्या. पिवळेपणा पूर्ण जाऊन हिरवट झाले की चुन्याच्या निवळीने पीएच ८.५ ते ९ करा. गाळ खाली बसतो. अ‍ॅसिडच्या पद्धतीतले वापरलेले पाणीही चुन्याने असेच बसवायचे, फक्त हिराकस लागत नाही. दोन्हीकडचा गाळ झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा आणि प्लेटरकडे द्या. त्यांचा असा कचरा तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात जातो.

मीठ काढणे

कोकणात काम बिघडते ते इथे. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड असते आणि ते ब्लास्टिंगने जात नाही, नुसते झाकले जाते. ब्लास्ट केलेली रिम गोड्या पाण्याने दाबाने धुवा आणि एक रात्र उघडी ठेवा. सकाळी सगळीकडे हलका नारिंगी गंज दिसेल, त्याची काळजी नको. पण मधेच काळे, ओलसर, घाम आल्यासारखे ठिपके दिसले तर तिथे मीठ आहे. ते हवेतली ओल ओढून घेते. पुन्हा धुणे, ब्रशने खड्डे चोळणे, वाळवणे, हलके ब्लास्टिंग. ठिपके येणे थांबेपर्यंत. दोनदा-तीनदा करावे लागले तर कंटाळू नका.

अ‍ॅसिड वापरले असेल तर लगेच लिटरला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे, मग भरपूर पाणी. कुठले पाणी हे महत्त्वाचे. खाडीकाठची विहीर किंवा बोअर उन्हाळ्यात मचूळ होते, आणि त्या पाण्याने धुणे म्हणजे मीठ परत लावणे. शेवटचे धुणे आरओच्या किंवा बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा. खात्री हवी तर लॅबच्या दुकानातून सिल्व्हर नायट्रेटचे पातळ द्रावण आणा. भागावरून ओघळलेले शेवटचे पाणी परीक्षानळीत घेऊन दोन थेंब टाका, दुधाळ झाले तर क्लोराइड आहे. सोडा शिल्लक असला तरी ते गढूळ होते, पण दोन्ही वेळा उत्तर एकच, अजून धुवा. द्रावण बोटाला लागले तर काळा डाग पडतो.

तेल उरले आहे का हे पाण्यानेच कळते. पाण्याची सलग चादर अर्धा मिनिट टिकली तर स्वच्छ, थेंब थेंब फुटली तर पुन्हा पुसणे.

गंज बदलणारे फॉस्फोरिक द्रव लावायचे असतील तर ते खड्ड्यांपुरते आणि धुऊन काढण्यासाठीच. न धुतलेल्या फॉस्फोरिकवर इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

प्रायमरची वेळ आणि हवा

पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली, हा नियम कागदावरचा वाटतो, पण ३० अंश आणि ८५ टक्क्यांना दवबिंदू २७ च्या वर असतो, म्हणजे किनाऱ्यावर मर्यादा सहज गाठली जाते. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी योग्य, तेही दव सुकल्यावर, साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान. मतलई वारे थांबलेले असतात आणि खारे वारे अजून जोर धरत नाहीत. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की धुतलेल्या भागावर मिठाचा थर पुन्हा बसू लागतो. भाग हेअर ड्रायरने कोमट करून घेतला तर चांगलेच. कॉम्प्रेसरची टाकी आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी रिकामी करा, वॉटर ट्रॅप नसेल तर बंदुकीतून पाण्याचे थेंबच उडतात.

शेवटचे हलके ब्लास्टिंग झाले की त्याच सकाळी प्रायमर. तासाभरात झाले तर उत्तम.

प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सी, झिंक फॉस्फेटचा. रेड ऑक्साइड निकलला धरत नाही आणि पाण्यालाही अडवत नाही, पेंटर त्याचा आग्रह धरतात कारण तो स्वस्त आणि लवकर वाळतो. झिंक-रिच प्रायमर ऐकायला भारी वाटतो, पण त्यातल्या जस्ताला उघडे लोखंड लागते. निकल शिल्लक असेल तिथे तो वाया. एचिंग प्रायमर, म्हणजे आम्ल असलेला प्रायमर, मारून त्यावर इपॉक्सी हेही टाळा, आम्ल अडकून फोड येतात. डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर मिसळा, सांगितला असेल तेवढा वेळ मिश्रण मुरू द्या, दोन हात मारून एकूण ५० ते ७५ मायक्रॉन. लांबी (पुटी) भरायची असेल तर प्रायमरवर भरा, उघड्या पत्र्यावर नाही, ती ओल शोषते. लांबी घासली की तिथे पुन्हा इपॉक्सी. मग ३२० ते ४०० ने घासून टू-पॅक पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, धुळीचा साधा मास्क त्याला रोखत नाही. निदान ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज आणि तुषार अडवणारा फिल्टर असलेला मास्क हवा, हवा खेळती हवी.

पावडर कोटिंगचा विचार असेल तर तो रिम आणि लेगगार्डपुरता आणि पूर्ण उघड्या लोखंडावरच. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, अर्धवट सुटलेल्या निकलखालची ओल आणि हवा फुगून बाहेर येते, रंग बुडबुड्यांनी भरतो. लेगगार्डची भोके भट्टीआधी बुजवू नका, नाहीतर आतली हवा एखादे बूच गोळीसारखे उडवेल. ब्लास्टिंगच्या वेळी मात्र ती बुचांनी बंद हवीत, आत अडकलेला ग्रिट नंतर खुळखुळत राहतो.

आता हँडल. मॅझॅकवर फोड असतील तर ते धारदार टोकाने उघडा, खालची पांढरी भुकटी निघेपर्यंत खरवडा, २२० ने ओले घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. ब्लास्टिंग करायचेच तर ३० पीएसआयला, लांबून. इपॉक्सीचे दोन हात, खड्डे लांबीने, पुन्हा इपॉक्सी. भट्टी नको, मॅझॅकच्या पोटातला वायू बाहेर पडून वर टाचणीएवढी छिद्रे पडतात. फोड धातूच्या अर्ध्या जाडीपर्यंत गेले असतील तर हँडल बदला, ते दार उघडतानाच मोडेल.

सगळ्या वस्तू रंगवण्याआधी बंपरच्या मागच्या बाजूचा तळहाताएवढा तुकडा याच पद्धतीने रंगवून आठवडाभर ठेवा. मग ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर सहा आडव्या, सहा उभ्या रेघा मारा, त्यावर सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले आणि खाली चकाकते निकल दिसले तर खरवड कमी पडली. खाली तपकिरी दिसले तर धुणे कमी पडले. चौकोन प्रायमर आणि रंग यांच्या मधून सुटले असतील तर इपॉक्सी फार दिवस तसाच ठेवून, न घासता वर रंग मारला गेला आहे.